नांगरावर झोप लागते का, ते आधी बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही ४८ वर्षांचे, पुण्यात आयटीत. पत्नी शाळेत शिकवतात, मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. ती मार्गी लागली की दोन-तीन वर्षं कॅरेबियन बेटांमध्ये शिडाच्या बोटीवर राहायचं तुमच्या मनात आहे आणि त्यासाठी राहता फ्लॅट विकायचीही तयारी आहे. तुम्ही चार गोष्टी विचारल्यात: किती फुटी बोट घ्यावी, मोनोहल (एका सांगाड्याची) की कॅटमरान (जोडलेल्या दोन सांगाड्यांची), महिन्याला खर्च किती, आणि वादळांचं काय करायचं.

चारही उत्तरं देते. पण तुमचे चारही प्रश्न बोट घेण्याबद्दल आणि फिरण्याबद्दल आहेत, आणि खरी अडचण तिथे येत नाही. आमच्या लॉगबुकात गेल्या वर्षीचा हिशोब आहे. ३६५ दिवसांपैकी शीड उघडून निघालो ते ४१ दिवस. बोट यार्डात जमिनीवर होती ते ७४ दिवस. उरलेले २५० दिवस आम्ही कुठल्या ना कुठल्या खाडीत नांगर टाकून उभे होतो. म्हणजे हे आयुष्य मुख्यतः नांगरावरचं आहे. रात्री वारा वाढला की नांगराच्या भरवशावर झोप लागते का, टाकीतल्या पाण्यावर आणि सोलर पॅनलच्या विजेवर घर चालतं का, आणि रात्री बाराच्या सुमारास नांगर सरकल्याचा गजर वाजला तर दोघंही न बोलता आपापल्या जागेवर उभे राहतात का, यावर तुमची दोन-तीन वर्षं कशी जातील ते ठरेल. बोटीची लांबी त्यानंतर.

माझ्याबद्दल थोडं. मी मूळची देवगडची. नवरा मर्चंट नेव्हीत मरीन इंजिनिअर होता. २०१६मध्ये आम्ही ग्रेनाडामध्ये १९९९ सालची ३९ फुटी मोनोहल घेतली. तेव्हापासून ग्रेनाडा ते अँटिगा या पट्ट्यात राहतो, दोनदा सेंट मार्टिनपर्यंत वर गेलो. पुढे लिहिलेलं सगळं या पट्ट्यातलं आहे. बहामा किंवा पनामाकडची गणितं वेगळी असतात.

आता नांगर. यावर मी जास्त लिहिणार आहे.

समजा खोली सहा मीटर आहे आणि बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून सव्वा मीटर वर आहे. झाले सव्वासात मीटर. त्याच्या पाचपट साखळी सोडायची, म्हणजे साधारण ३६ मीटर. वारा वाढणार असेल तर सातपट, ५० मीटर. इतकी साखळी का लागते, हे पुष्कळांना शेवटपर्यंत नीट कळलेलं नसतं. नांगर वजनाने बोट धरत नाही, तो वाळूत रुतून धरतो. ओढ आडवी बसली तर तो आणखी खोल जातो, वरून बसली तर उपटला जातो. साखळीची लांबी आणि वजन ती ओढ आडवी ठेवतं.

साखळी सोडून झाली की इंजिन रिव्हर्सला टाकून हळूहळू ताण वाढवायचा. किनाऱ्यावरच्या दोन खुणा डोळ्यांनी एका रेषेत धरायच्या, पुढचा माड आणि मागच्या घराचा कोपरा, काहीही. त्या एकमेकींपासून सरकायला लागल्या तर नांगराने धरलेलं नाही, पुन्हा टाका. सरकल्या नाहीत तर पाण्याचा चष्मा लावून उडी मारायची आणि नांगर स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायचं. इथलं पाणी इतकं स्वच्छ असतं की न बघायला काही सबब नाही. पांढरा पट्टा म्हणजे वाळू. गडद पट्टा म्हणजे गवत किंवा खडक. गवतावर नांगर टाकू नये. तो नीट रुतत नाही, आणि कासवं जे गवत खाऊन जगतात ते मुळासकट उपटलं जातं.

हे सगळं मला पाठ होतं, तरी २०१८च्या फेब्रुवारीत युनियन आयलंडच्या चॅटम बेमध्ये आम्ही चूक केली. संध्याकाळ झाली होती, खाडी भरलेली होती, मागे एक कॅटमरान उभी होती. तिच्यापासून अंतर राहावं म्हणून सहा मीटर खोलीत २५ मीटर साखळीवर थांबलो. वाळूत नांगर छान रुतलाय हे बघूनही आले. रात्री दोनच्या सुमाराला जाग आली ती आवाजाने नाही, बोट वेगळ्या तऱ्हेने डुलत होती म्हणून. चॅटम बेच्या मागे डोंगर आहे. व्यापारी वारा त्या डोंगरावरून खाली कोसळतो: एक मिनिट ३५ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), पुढची दोन मिनिटं अगदी निवांत, मग पुन्हा. मी नाळेवर गेले आणि साखळीवर तळवा ठेवला. नांगराने धरलेलं असेल तर साखळी ताणते आणि सैल होते, बाकी गप्प असते. आमची थरथरत होती, खडीच्या रस्त्यावरून बैलगाडीचं चाक जावं तशी. मागे बघितलं तर कॅटमरानचा दिवा हात लांब केला तर लागेल इतका जवळ वाटला. प्रत्यक्षात आठ-दहा मीटर असेल.

नवरा इंजिनवर, मी दातांत टॉर्च धरून विंडलासवर, म्हणजे साखळी ओढायच्या यंत्रावर. साखळी वर घेतली, अंधारात उघड्या पाण्याकडे निघालो. पहिल्या दोन वेळा नांगर धरेना. तिसऱ्यांदा नऊ मीटर खोलीत ६० मीटर साखळी सोडली तेव्हा थांबला. साडेचारला चहा केला, आणि उजाडेपर्यंत दोघंही कॉकपिटमध्ये बसून राहिलो.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी पाळतो. जागा पुरत नसेल तर साखळी कमी करायची नाही, दुसरी खाडी शोधायची. त्यासाठी दुपारी तीनच्या आत पोचायचं, म्हणजे दुसरीकडे जायला उजेड उरतो आणि पाण्यातला खडक डोळ्यांना दिसतो. आणि नांगर टाकताना तोंडाने बोलायचं नाही, हातांच्या खुणा. वाऱ्यात आणि इंजिनच्या आवाजात माणूस ओरडतोच, आणि ओरडणं समोरच्याला रागावणं वाटतं. नांगर टाकताना भांडणारी जोडपी प्रत्येक खाडीत दिसतात. त्यांपैकी काही हंगाम संपताच बोट विकायला काढतात.

म्हणूनच तुमच्या पत्नींबद्दल विचारते. तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात त्यांचा उल्लेख एका ओळीत आला आहे, तोही नोकरीपुरता. त्यांना हे हवं आहे का? हवं असेल तर कुठला भाग हवा आहे? मी आले तेव्हा स्वप्न नवऱ्याचं होतं आणि मी सोबत होते. पहिलं वर्ष मला जड गेलं, कारण प्रत्येक कामात मी मदतनीस होते. दुसऱ्या वर्षी मी सुकाणू, चार्ट आणि हवामान माझ्याकडे घेतलं, इंजिन त्याच्याकडे राहिलं, आणि सहा महिन्यांनी कामांची अदलाबदल केली. आज आमच्यातलं कोणीही एकटं बोट बंदरात आणू शकतं. एकाला ताप आला, कंबर धरली, हात मोडला तर दुसऱ्याला हे यावंच लागतं.

आता बोट. दोघांसाठी ३८ ते ४२ फूट पुरे. त्याहून लहान बोटीत पाण्याची टाकी आणि सोलर पॅनल यांना जागा राहत नाही. त्याहून मोठी घेतली की प्रत्येक दोरी, प्रत्येक शीड, यार्डातला प्रत्येक दिवस महाग होतो, आणि वारा चढल्यावर शिडाचा जोर दोन माणसांना आवरत नाही.

मोनोहल की कॅटमरान, हे तुमच्या पैशावर आणि तुमच्या पाठीवर अवलंबून आहे. कॅटमरान नांगरावर सपाट उभी राहते. हिवाळ्यात अटलांटिकमधून उत्तरेची लांब लाट येते, ती बेटाला वळसा घालून पश्चिमेच्या निवाऱ्यातल्या खाड्यांमध्येही शिरते, आणि तेव्हा मोनोहल रात्रभर पाळण्यासारखी हलते. गुडघे, पाठ किंवा बोट लागण्याचा त्रास असेल तर हा फरक फार मोठा आहे. पण त्याच लांबीची, त्याच वयाची कॅटमरान मोनोहलच्या दुपटीहून जास्त किमतीला मिळते. यार्डात जागा जास्त लागते, इंजिनं दोन, आणि वाऱ्याच्या तोंडावर जायचं तर चांगली मोनोहल बरी. आमच्या ऐपतीत मोनोहल बसत होती. तिच्यात आम्ही आनंदात राहिलो. लाट शिरली की बोटीच्या मागून दुसरा छोटा नांगर टाकून तोंड लाटेकडे वळवतो आणि झोपतो.

वापरलेली बोट घेताना यार्डात बाहेर काढून, स्वतंत्र सर्व्हेअरकडून तपासून घ्या, आणि तपासणीच्या दिवशी तुम्ही स्वतः तिथे हजर राहा. आमच्या सर्व्हेअरने अहवालात डेक ठीक म्हटलं होतं. आठ महिन्यांनी डोलकाठीच्या बुडाशी पाऊल दबायला लागलं. डेकच्या आतलं लाकूड भिजून कुजलं होतं, आणि ते काढून नवं भरायला आम्हाला सात आठवडे लागले. छोट्या हातोडीने डेक इंचा-इंचाने ठोकून बघितलं असतं तर त्या दिवशीच कळलं असतं: भरीव जागा टणक वाजते, भिजलेली बद्द वाजते. आता कोणी बोट बघायला बोलावलं तर ती हातोडी मी पिशवीत घेऊनच जाते.

आणखी एक हिशोब. जुनी बोट स्वस्तात मिळते, पण तिची डोलकाठी धरणाऱ्या तारा, शिडं, पंप, इंजिनचे भाग नव्याच्याच भावाने घ्यावे लागतात. तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या की विमा कंपन्या त्या बदलायला सांगतात. म्हणून किंमत ठरवताना पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीचे पैसे बाजूला काढूनच ठरवा. बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी देखभालीला लागतात असं इथे सगळे धरतात. आमच्यासारख्या वय झालेल्या बोटीला ते पुरत नाहीत.

महिन्याचा खर्च. हा प्रत्येकाचा वेगळा, म्हणून मी फक्त आमचा सांगते. गेल्या वर्षी आम्हा दोघांचा महिन्याला सरासरी २,६०० अमेरिकन डॉलर झाला. त्यात बोटीची दुरुस्ती आणि यार्ड ९००, किराणा-भाजी ६५०, बोटीचा आणि आरोग्याचा विमा ५००, डिझेल-पेट्रोल-गॅस १५०, इंटरनेट १५०, बेटांवरची प्रवेश फी आणि मूरिंग (बोट बांधायला तळाशी पक्का केलेला तरंगता गोळा) १००, बस आणि बाहेरचं खाणं १५०. भारतात येण्या-जाण्याची तिकिटं यात नाहीत. आम्ही मरीनात, म्हणजे पैसे देऊन बोट बांधायच्या धक्क्यावर, जवळजवळ राहत नाही. तुम्ही दर आठवड्याला मरीनात बोट बांधली तर हा आकडा सहज दीडपट होईल. ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट, सेंट लुसिया, डॉमिनिका, अँटिगा इथे ईस्टर्न कॅरेबियन डॉलर चालतो, एका अमेरिकन डॉलरला २.७० असा त्याचा दर बांधलेला आहे. मार्टिनिक आणि ग्वादलूप फ्रान्सचा भाग असल्यामुळे तिथे युरो. चीज, वाइन, औषधं आणि बोटीचं सामान आम्ही मार्टिनिकच्या ल मरँमध्ये भरतो, तिथे सगळं मिळतं आणि दवाखानेही चांगले आहेत.

भारतातून पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली माणशी, आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. बोटीचा विसार देण्यापूर्वी सीएकडे बसा. बोट कुठल्या देशाच्या झेंड्याखाली नोंदवायची तेही त्याच वेळी ठरवा.

पाणी आणि वीज. देवगडला मे महिन्यात टँकरची वाट बघत मोठी झाल्यामुळे पाण्याचं मला नवल वाटलं नाही, पुण्याहून येणाऱ्याला वाटेल. आमची टाकी ३८० लिटरची. भांडी समुद्राच्या पाण्यात घासून गोड्या पाण्याने विसळतो. आंघोळ मागच्या पायरीवरून समुद्रात उडी, साबण, पुन्हा उडी, आणि शेवटी दोन लिटर गोडं पाणी. असं केलं की दोघांना दिवसाला २५ लिटर पुरतात. २०२१मध्ये वॉटरमेकर बसवला, तो समुद्राच्या पाण्यातून तासाला २५-३० लिटर गोडं पाणी काढतो, पण स्वच्छ पाण्यातच चालवायचा. बंदरातलं तेलकट पाणी त्याच्या पडद्याला मारतं.

विजेत सगळ्यात खादाड फ्रिज. आमचा दिवसाला ५५-६० अँपिअर-तास घेतो. दिवे, पंखे, लॅपटॉप, पंप, इंटरनेटची थाळी धरून १४०च्या आसपास. ६०० वॅटची पॅनलं चांगल्या उन्हात हे भरून काढतात आणि थोडी वीज उरते. ढगाळ असेल तर वॉटरमेकर थांबवतो. तुम्ही बोटीवरून आयटीचं काम करणार असाल तर हा आकडा वाढवून धरा, आणि पर्यटक म्हणून राहताना काम करायला तो देश परवानगी देतो का ते बघून घ्या.

स्वयंपाकाला प्रेशर कुकर आणा. गॅस वाचतो, पाणी वाचतं, आणि झाकण घट्ट असल्यामुळे बोट कलंडली तरी आमटी सांडत नाही. इथे आल्यावर मला कोकण आठवलं ते बाजारात. ज्याला इथे ब्रेडफ्रूट म्हणतात तो आपला नीरफणस. १७९३मध्ये कॅप्टन ब्लाय याने त्याची रोपं पॅसिफिकमधून सेंट व्हिन्सेंटला आणली. त्याच्या कापा रव्यात घोळवून तव्यावर परतल्या की आईच्या हातची आठवण येते. कलालू नावाचं सूप ज्या पानांचं करतात तो अळू. मी त्याचं फदफदं करते, चिंचेऐवजी कधी आंबट कैरी घालून. त्रिनिदादला १८४५पासून भारतातून करारावर मजूर नेले गेले, त्यांचे वंशज तिथे आज मोठ्या संख्येने आहेत. तिथली धालपुरी रोटी हातात घेतली की पहिल्यांदा पुरणपोळीच वाटते. आत वाटाण्याच्या डाळीचं जिरं घातलेलं कोरडं, तिखटसर सारण असतं. डाळी, मसाले, हरभरे भरून घ्यायचे ते त्रिनिदादलाच.

मासे पकडून खाणार असाल तर एक जपा. प्रवाळाजवळ राहणारे मोठे मासे, विशेषतः बॅराकुडा, सिग्वाटेराचं विष साठवतात. शिजवून ते जात नाही, चवीला कळत नाही. मार्टिनिकच्या उत्तरेला आम्ही असे मासे खात नाही. खोल समुद्रातले माही-माही, टूना यांना हा धोका नाही.

आता प्रवास. नकाशावर बेटं माळेसारखी दिसतात आणि वाटतं की रोज एक मणी. वारा पूर्वेकडून, हिवाळ्यात ईशान्येकडून, साधारण १५ ते २० नॉट. डिसेंबर-जानेवारीत तो आठवडा-आठवडा २५-३० नॉटला जाऊन बसतो, त्याला इथे ख्रिसमस विंड्स म्हणतात. बेटं उंच डोंगरांची. त्यांच्या पश्चिमेला वारा पडतो, तिथे इंजिन चालवावं लागतं. बेटाचं टोक ओलांडलं की दोन बेटांमधल्या खाडीत वारा चेपून येतो आणि अटलांटिकची अख्खी लाट बाजूने लागते. माणसं फसतात ती नेमकी इथे: आडोशाला सगळं शांत म्हणून पूर्ण शीड उघडतात आणि टोकावर बोट एकदम आडवी होते. आम्ही टोक यायच्या दोन मैल आधी, वारा नसतानाच, दोन रीफ घेऊन शीड लहान करतो. पहाटे उजाडता निघतो. आणि दक्षिणेकडून उत्तरेला जायचं असेल तर मार्च-एप्रिलपर्यंत थांबतो, तेव्हा वारा पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे सरकलेला असतो आणि तेच अंतर निम्म्या त्रासात कापता येतं. तारखेला बांधलेलं विमानाचं तिकीट या सगळ्यात सर्वांत धोक्याचं. पाहुण्यांना आम्ही आधीच सांगतो: दिवस तुम्ही ठरवा, बेट आम्ही सांगू, किंवा बेट तुम्ही ठरवा, दिवस वारा सांगेल.

ग्रेनाडाहून उत्तरेच्या कारियाकू बेटाला जाताना वाटेत किक एम जेनी नावाचा पाण्याखालचा ज्वालामुखी आहे. शांत असतानाही त्याच्या दीड किलोमीटरच्या आत जायचं नाही, इशारा वाढला की पाच. निघण्याआधी त्याची पातळी बघायची सवय लावून घ्या.

वादळांबद्दल. तुम्ही लिहिलंय की "ग्रेनाडा वादळांच्या पट्ट्याबाहेर आहे असं वाचलं." हे डोक्यातून काढा. अटलांटिकचा वादळी हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, सर्वांत वाईट काळ ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. ग्रेनाडा साधारण १२ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तिथे वादळं कमी येतात, एवढंच खरं. सप्टेंबर २००४मध्ये इव्हानने ग्रेनाडा उद्ध्वस्त केलं, जायफळाच्या बागा गेल्या त्या पुन्हा उभ्या राहायला वर्षं गेली. पुढच्याच जुलैत एमिली आलं. आणि १ जुलै २०२४ला बेरिल चौथ्या श्रेणीचं होऊन कारियाकूवर आदळलं. तिथल्या टायरेल बेच्या खारफुटीत बोटी बांधल्या की वाचतात असं वर्षानुवर्षं सगळे मानत आले होते. त्या खारफुटीतल्या बोटी एकमेकींवर चढल्या, झाडांची पानंसुद्धा राहिली नाहीत.

बेरिलमध्ये मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेळ. त्याला नाव मिळालं २८ जूनला. तिसऱ्या दिवशी ते कारियाकूवर होतं. कारियाकूहून त्रिनिदादचं अंतर १२० सागरी मैलांच्या आसपास, पाच नॉटने एक दिवस आणि एक रात्र. २९ तारखेला निघालेले पोचले. "उद्या अंदाज बघून ठरवू" म्हणणाऱ्यांना वेळच उरला नाही, कारण एव्हाना समुद्र चढला होता. आमची बोट तेव्हा त्रिनिदादच्या शागरामसमध्ये यार्डात होती आणि आम्ही देवगडला होतो. ओळखीच्या तीन बोटी त्या दिवशी गेल्या. माणसं वाचली.

कोकणात १ जूनला मासेमारी बंद होते, मचवे वर ओढले जातात, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावाचून जुनी माणसं होडी पाण्यात घालत नाहीत. माझे आजोबा आगोटीची तयारी मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू करायचे, आभाळाकडे बघून नाही, कॅलेंडरकडे बघून. मी तेच करते. मेअखेर आम्ही दक्षिणेला असतो, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बोट शागरामसला बाहेर काढतो, शिडं उतरवतो, बोट जमिनीतल्या हुकांना पट्ट्यांनी बांधतो, आणि महिना-दोन महिने घरी येतो. परतल्यावर तळाला रंग, इंजिनच्या पाण्याच्या पंपाचं चक्र (इम्पेलर), तळाच्या भोकांचे नळ (सीकॉक), सगळं तिथेच. ग्रेनाडाहून त्रिनिदादच्या वाटेवर पूर्वी चाचेगिरीच्या घटना झालेल्या आहेत, म्हणून दोन-तीन बोटी मिळून निघतो आणि निघण्याची वेळ, मार्ग तटरक्षक दलाला आधी कळवतो. तुमचा विमा हंगामात कुठल्या अक्षांशाच्या खाली राहायला सांगतो आणि नाव असलेल्या वादळाची भरपाई देतो का, ही दोन कलमं सही करण्याआधी वाचा. पुष्कळदा देत नाही.

चोरीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. आमच्या अनुभवात चोरी होते ती डिंगीची, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीची. ती तुमची दारातली स्कूटर आहे, ती गेली की तुम्ही बोटीवर अडकलात. रोज संध्याकाळी ती पाण्यातून वर उचलून कुलूप लावायचं, कंटाळा आला तरी. बाकी या बेटांवर आम्हाला माणसं फार चांगली भेटली.

भारतीय पासपोर्टवर ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट, डॉमिनिका, बार्बाडोस, त्रिनिदाद इथे आधी व्हिसा न काढता जाता येतं. मार्टिनिक-ग्वादलूपसाठी फ्रेंच व्हिसा लागतो आणि तो कॅरेबियनमधल्या फ्रेंच भागांना लागू आहे असं त्यावर असायला हवं, नुसता शेंगेन पुरतो असं धरू नका. अमेरिकी व्हर्जिन बेटांना अमेरिकेचा व्हिसा. प्रत्येक देशात शिरताना पिवळा झेंडा लावायचा, कॅप्टनने एकट्याने कागद घेऊन कस्टम्स आणि इमिग्रेशनला जायचं, शिक्का झाला की पिवळा उतरवून त्या देशाचा झेंडा उजव्या बाजूला चढवायचा. नीट कपडे घालून, सावकाश बोलून गेलं की अर्ध्या तासात काम होतं. विमानाने बोटीवर परत येताना एअरलाइन परतीचं तिकीट मागते. बोटीच्या नोंदणीची प्रत आणि कॅप्टनच्या सहीचं पत्र जवळ ठेवा.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं? फ्लॅट विकला नसता, भाड्याने दिला असता. या पावसाळ्यानंतर मुंबईत किंवा गोव्यात दोघांनी शीड चालवायचा कोर्स केला असता, दोघांनी वेगवेगळ्या बॅचला, म्हणजे एकमेकांवर विसंबणं होत नाही. मग येत्या जानेवारीत, ख्रिसमस विंड्स जोरात असताना, ग्रेनाडा आणि सेंट व्हिन्सेंटमधल्या ग्रेनेडिन्स बेटांत दहा दिवस स्किपरसह (बोट चालवणाऱ्यासह) बोट भाड्याने घेतली असती. स्किपरला सांगायचं की नांगर आम्ही टाकणार, तुम्ही फक्त बघा. एप्रिलचं गुळगुळीत पाणी बघून निर्णय घेऊ नका, जानेवारीचं बघून घ्या. दहाही रात्री हिशोब लिहा: कोण किती तास झोपलं, किती पाणी लागलं, कोण कुणावर ओरडलं. त्यानंतरही दोघांना यायचं असेल तर मे-जूनमध्ये बोट बघा. हंगाम सुरू होण्याआधी घरी परतणाऱ्या लोकांना विकायची घाई असते, भाव खाली येतो, आणि तुम्हाला पुढचे पाच महिने यार्डात तिची एकेक वस्तू उघडून ओळखून घ्यायला मिळतात. नोव्हेंबरअखेर पाण्यात उतराल तेव्हा तिच्यातला प्रत्येक पाइप कुठे जातो हे दोघांनाही माहीत असेल.

हे उत्तर पत्नींना वाचायला द्या, आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच लिहू द्या. बोटीवरचा संडास, पाळी-रजोनिवृत्तीच्या दिवसांतलं पाणी, मुलीपासून इतकं लांब राहणं, आईवडिलांच्या आजारपणात किती तासांत घरी पोचता येतं, यातलं मी इथे मुद्दाम काही लिहिलं नाही. त्यांनी विचारलं तर सविस्तर लिहीन. आम्ही मार्चपर्यंत सेंट व्हिन्सेंटजवळच्या बेक्वे बेटावर आहोत, इंटरनेट नीट आहे.